गुरुवारची तारीख

खानापूर, रविवार

प्रिय प्रियदर्शनी,

आक्का पूर्ण नावाने हाक मारते म्हणजे काहीतरी ऐकवणार, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. फोनच केला असता. पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी तुझ्या सासूबाई. शिवाय जे सांगायचंय ते मला बोलून सांगता येणार नाही, लिहूनच जमेल. तुझ्या नवऱ्याने, युवराजने परवा कळवलं, तुझी गर्भाची पिशवी काढायची गुरुवारची तारीख ठरली म्हणून. एकतिसाव्या वर्षी!

तुझा रिपोर्ट त्याने मोबाइलवर पाठवला. तो मालुबाईच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला मी काल बेळगावला गेले, तिलाच सोबत घेऊन. मालुबाई म्हणजे आमच्या मागल्या दारची, भात लावताना साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं हसणारी. तिचाही तीन वर्षांपूर्वी असाच रिपोर्ट आला होता, गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींत हलका बदल म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तिला फक्त वर्षाने बोलावलं. ती गेली, तर बदल तसाच. दुर्बिणीतून तपासलं आणि परत वर्षाने बोलावलं. तेव्हा सगळं साफ. गोळी नाही की सुई नाही. मी बाईंना विचारलं, हे हिचं नशीब का? त्या म्हणाल्या, नशीब कसलं, बहुतेक जणींचं असंच होतं. वर्ष-दोन वर्षांत शरीर आपलं आपण निस्तरतं. थोड्या जणींचं टिकतं, त्यातल्या थोड्यांचं वाढतं, तेही सावकाश, कित्येक वर्षं घेऊन. तारखेला तपासत राहिलं की ते आधीच सापडतं आणि तेवढ्याच जागी इलाज होतो. तुझ्या कागदावर बोट ठेवून त्या मला म्हणाल्या, "ह्याला पिशवी कशाला काढताय? वर्षानं परत तपासायचं. फक्त बरं वाटतंय म्हणून घरी बसायचं न्हाय."

तुझ्या सासूबाई, जयाबाई काय म्हणतात तेही युवराजने सांगितलं. "एक पोरगी झाली न्हवं, आता पिशवी ठिवून काय लोणचं घालायचंय व्हय?" मला हसूही आलं आणि संतापही. तुला दुसरं मूल हवंय, हे तू यंदाच्या जत्रेत माझ्याच कानात सांगितलंस, सासूच्या नव्हे. पण त्यांना तरी दोष कसा देऊ? त्या बोट दाखवतात ते माझ्याकडे. म्हणतात, "मंगलनं वेळीच काढली म्हणून कॅन्सरातून वाचली." हे त्यांना कुणी सांगितलं? मीच. बारा वर्षं सांगतेय, हळदी-कुंकवाला गेले तरी सांगतेय. माझं ऐकून आणखी किती जणींनी तारखा घेतल्या असतील, त्याचा विचारसुद्धा करवत नाही.

प्रिया, मला कॅन्सर नव्हताच. माझाही रिपोर्ट तुझ्यासारखाच होता, हलक्या बदलाचा. डॉक्टर थांबा म्हणत होते, मीच हट्ट धरला. शेजारणींनी काढल्या होत्या, त्या ठणठणीत दिसायच्या. स्वरूप तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला आई उरणार नाही एवढंच डोक्यात. काढलेल्या पिशवीचा कागद पंधरा दिवसांनी आला. त्यातही कॅन्सर नाही असंच होतं. तो मी एकटीने जाऊन आणला आणि ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी घातला. अंडाशयंही काढली होती. तेहतिसाव्या वर्षी अंगातून वाफा निघायच्या आणि कंबर तर अजून साथ देत नाही. स्वरूपच्या पाठीवर मला मुलगी हवी होती. हे आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय.

मग बारा वर्षं गप्प का बसले? माझ्या नवऱ्यामुळे, तुझ्या दाजींमुळे. तेव्हा ते किती प्यायचे ते तू पाहिलंयस. लोंढ्याच्या स्टेशनावरून आपले आप्पा त्यांना उचलून आणायचे. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी ते गावच्या लक्ष्मीपुढे गेले आणि भंडारा उचलून शपथ घेतली, "हिला जगिव, थेंबाला शिवणार न्हाय." आजवर शिवले नाहीत. अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगू, की मला काही झालंच नव्हतं? शपथ सुटली तर माझं घर पुन्हा मोडेल, ही भीती होती. अजून आहे. पण माझं घर टिकावं म्हणून तुझी पिशवी जाऊ द्यायची नाही. हे पत्र जयाबाईंना आणि युवराजला मोठ्याने वाचून दाखव, आणि गुरुवारची तारीख रद्द कर. पुढल्या वर्षी तपासणीला मी तुझ्यासोबत येईन. पत्र दाजींच्याच हाती देतेय आणि पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत वाचायचं असेल तर वाचा, असं त्यांना सांगणार आहे. बेळगावात बस बदलावी लागते, आणि स्टँडबाहेर दारूची दुकानं आहेत. ते दारात आले की आधी चहा दे. मग मला फोन कर, आणि कसे आलेत तेवढं सांग.

वाट पाहणारी तुझीच,
मंगलआक्का