काळ्या मातीचा प्लॉट

आप्पा, परवा सावेडीच्या घरात मधल्या भिंतीला पुन्हा भेग पडली. तुम्ही दर उन्हाळ्यात ज्या भेगेत सिमेंट भरायचात, तिच्या हातभर अलीकडे. मी शिडी लावून वर चढले आणि या वयात शिडीवर चढल्याबद्दल शेजारणीची बोलणी खाल्ली. तिचं म्हणणं असं की भेगांचं काय घेऊन बसलात, तुमच्या वडिलांना जागेची नजर होती, आज इथे वीतभर जमीन मिळत नाही. सगळेच असं म्हणतात. मी मान डोलावते. तुम्हाला नजर होती की नव्हती, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही, आणि परवापासून तर डोक्याचा पार भुगा झालाय. म्हणून लिहायला बसले.

गोदाकाठची आपली जमीन धरणात गेली, तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी मोबदल्यातून दुसरीकडे शेतं घेतली, एकाने जीप घेतली. तुम्ही म्हणालात, "शेत बुडतं. नगर कोन बुडिवतंय?" आणि नगरला प्लॉट घ्यायचे, खोल्या बांधायच्या, भाड्याने द्यायच्या असं ठरवून मोकळे झालात. एक नव्हे, चार प्लॉट. मी तेव्हा नगरच्या अध्यापक विद्यालयात पहिल्या वर्षाला होते आणि वसतिगृहात राहत होते. दुष्काळाचं साल, वसतिगृहात अंघोळीला एक तांब्या पाणी. तुम्ही आलात, ते बघितलंत आणि म्हणालात, "दुसरं वरीस परक्याच्या छपराखाली न्हाई. आपलं छप्पर झालं तर ऱ्हा, न्हाई तर घरी चल." घरी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आईने दोन स्थळं काढूनच ठेवली होती. त्यामुळे तुमचा प्लॉट हा माझ्या दृष्टीने प्लॉट नव्हताच. मास्तरीण व्हायचं की नाही, एवढंच त्यात होतं.

दर रविवारी सकाळच्या एसटीने तुम्ही माळीवाड्याला उतरायचात, मला घ्यायचात आणि आपण सावेडीला चालत जायचो. काय चालणं ते! दलाल सायकल हातात धरून मागून यायचा. तो सांगायचा रस्ता इतक्या फुटांचा होणार, इथे दिवे येणार; आणि तुम्ही त्याचं अक्षरही न ऐकता नव्या बंगल्याच्या दारात उभे राहून आतल्या बाईला विचारायचात, "हिरीला पानी किती परसावर हाय?" त्या बाईला परस म्हणजे काय तेच ठाऊक नसायचं. मग तुम्ही हात वर करून पुरुषभर उंची दाखवायचात आणि ती दार लावून घ्यायची. एकदा तुम्ही दलालाला विचारलंत, "ह्या शिवाराचा म्हसोबा कुडं हाय?" तो म्हणाला, "म्हसोबा नाही आप्पा, नगरपालिका आहे." मला इतकी लाज वाटली होती. सोबतच्या मुलींपैकी कुणी बघत नाही ना, म्हणून मी पदर पुढे ओढून घेतला. आता आठवलं की हसू येतं आणि हसताना वाईट वाटतं.

पहिला प्लॉट दलालाने उंचवट्यावरचा दाखवला. सगळा मुरूम. तुम्ही चपलेच्या टाचेने उकरून बघितलंत आणि तोंड वाकडं केलंत. "हितं कुसळ उगवायचं न्हाई." दलालाने कपाळावर हात मारला. "आप्पा, ज्वारी पेरायचीय का घर बांधायचंय?" पण तुम्ही चालायला लागला होतात. दुसरा प्लॉट खालच्या अंगाला, माझ्या विद्यालयापासून हाकेच्या अंतरावर. तिथली जमीन उन्हाने अशी तडकली होती की भेगेत मनगट जावं. तुम्ही उकिडवे बसलात, भेगेत हात घातलात, ढेकूळ काढून तळहातावर चुरलंत आणि वास घेतलात. तुमचा चेहरा मी तसा धरण झाल्यापासून पाहिला नव्हता. "लई खोल माती हाय, पोरी. आपल्या मळ्यावानी." दलाल गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मला नंतर कळला.

कळला तो गुरुवारी. पलीकडच्या गल्लीत एक तरुण गवंडी भिंत चढवत होता. मी तिथून जाताना त्याने हाक मारली. "त्या पटकेवाल्या पाव्हन्यांची लेक ना तुमी? त्यांना सांगा, काळ्या मातीत घर बांधू नका. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात फाटती, भिंती ऱ्हात न्हाईत. वरच्या मुरमावर घ्या." त्याचं म्हणणं मला नीट समजलं. मी मान हलवली आणि वर्गात गेले. दिवसभर फळ्यावरचं काही दिसलं नाही. वरचा मुरमाचा प्लॉट विद्यालयापासून लांब, वाट ओसाड. तिथून तुम्ही मला एकटीला ये-जा करू दिली नसती, हे तुम्ही आधीच बोलून दाखवलं होतं. आणि नवा शोध सुरू झाला असता, तर वर्ष गेलंच असतं. असा हिशेब मी तेव्हा केला असं आज म्हणते. तेव्हा खरोखर केला होता की नुसती घाबरून गप्प बसले, देव जाणे.

खरेदीखताच्या दिवशी तुम्ही धुतलेला पटका बांधून आला होतात. रजिस्टर कचेरीच्या बाकावर आपण दोघं बसलो आहोत. समोर दलाल कागद चाळतो आहे. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "पोरी, तू शिकल्याली हायेस. काय चुकत आसंल तर आत्ताच सांग." मी म्हणते, "नाही आप्पा, काही चुकत नाही." तुम्ही उठता आणि सही करता.

माझी पुढची सगळी नोकरी त्या सहीवर उभी राहिली. दोन खोल्या झाल्या, एकीत मी आणि आई, एकीत भाडेकरू. वर्षभरात मी पास झाले. आणि पहिल्याच चांगल्या पावसाळ्यानंतर मधली भिंत छतापासून खिडकीपर्यंत उलली. तुम्ही कुणालाच बोल लावला नाहीत. दलालालाही नाही. "मातीत जल्म गेला आन् मातीनंच फशिवलं," एवढंच म्हणालात. बाकीचे तीन प्लॉट घेतलेच नाहीत. शहरातलं आपल्याला कळत न्हाई, असं गावभर सांगत सुटलात. दर उन्हाळ्यात घमेलं घेऊन शिडीवर चढायचात, आणि मी खाली शिडी धरून उभी असायचे. किती वेळा तोंडाशी आलं होतं. तुम्ही गेलात, तेव्हा त्या भिंतीतलं सिमेंट अजून ओलं होतं.

आता परवाचं. भेग बघायला मी त्याच गवंड्याला बोलावलं. पार म्हातारा झालाय, हातात काठी. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "आप्पांनाबी सांगितलं हुतं की मी. तुमच्या आदी. हसले आन् म्हनले, हितनं लेकीच्या साळंची घंटा ऐकू येती."

म्हणजे आप्पा, तुम्हाला माहीत होतं? मग बाकावर मला का विचारलंत? मी खरं बोलते का ते बघत होतात, की मी 'नाही' म्हणावं म्हणूनच विचारलंत? आणि माहीत होतं, तर मग फसलो फसलो म्हणून गावभर स्वतःचं हसं का करून घेतलंत, हौसेने ठरवलेले तीन प्लॉट का सोडलेत? मला राग येतो आप्पा, तुमचा. आणि रागाच्या आधीच रडू येतं. शिवाय गवंड्याचाही भरवसा नाही. चहा पिता पिता त्याने मला दोनदा डॉक्टरीणबाई म्हटलं. त्याने उभ्या जन्मात कितीएक पटकेवाल्यांना मातीचं सांगितलं असेल; त्यातलंच कुणाचं तरी बोलणं त्याने तुमच्या नावावर घातलेलं असू शकतं.

तो दोन गल्ल्या सोडून राहतो. नीट बसून विचारावं, म्हणून मी दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून भाजी घेऊन परत आले. ते तुमचे आप्पा नव्हते, असं तो म्हणाला तर? हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हालाच सांगते. मला त्याला विचारायचं नाही.