मूर्ती मीच निवडली

२६ एप्रिल १९७८, शिरूर
ठरलं. नेपाळला जाणाऱ्या अकरा जणांत मी आहे. विहाराचं बांधकाम झालं, आता भगवान बुद्धांची मूर्ती पाहिजे. तिथल्या पाटण गावात ती चांगली मिळते, असं पुण्याच्या भंतेजींनी कळवलं होतं. निवडायची कुणी, यावर कमिटीत दोन तास वाद. शेवटी आबा उठले आणि म्हणाले, "माझी ललिता निवडील. मास्तरीण हाय. बुकं वाचती." मार्केट यार्डात पोती वाहणारे आबा कमिटीपुढे आजवर कधी बोलले नव्हते. अध्यक्ष मारुतरावांनी लगेच मान हलवली.
२२ मे, बुद्धपौर्णिमा. त्या दिवशी भंतेजींच्या हातून मूर्ती बसणार.
मला भीती वाटत नाही. संध्याकाळी जेवण गेलं नाही ते उकाड्याने.

२९ एप्रिल
तळेगावच्या माझ्या शाळेतून नेपाळवरचं पुस्तक आणलं. टाइमटेबल तयार. काठमांडू दीड दिवस, पाटण एक दिवस, भादगाव अर्धा दिवस. स्वयंभू स्तूप सकाळी ६.४० ते ८.१०. चांगुणाआत्याला वाचून दाखवलं. (आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तीही येणार म्हणून हटून बसली आहे.) ती म्हणाली, "पाणी प्यायचं कवा, ते बी लिव्ह." लिहिलं.
आणखी एक लिस्ट केली. हात जोडण्याची ठिकाणं: लुंबिनी, स्वयंभू, बौद्धनाथ. नुसती पाहण्याची ठिकाणं: बाकी सगळी. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. परमुलखात चुकून कुठे हात जोडले जायला नकोत.

३ मे, दौंड जंक्शन, सकाळी ११
शिरूरहून एसटीने वेळेवर पोचलो. मनमाडची गाडी दोन तास लेट. टाइमटेबल कोलमडलेलं नाही. चहा रद्द केला की भरून निघतं. हौसरावमामा म्हणाले, "मास्तरीणबाई, चहा रद्द आसंल तर मी हितनंच माघारी." मामा एसटी डेपोत मेकॅनिक. हिंदी धड बोलता येणारे आमच्यात तेवढेच. चहा झाला.

७ मे, लुंबिनी
अशोकाचा खांब पाहिला. सगळ्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. आत्या खांबाजवळ बराच वेळ उभी होती. इथे वीस मिनिटं धरली होती, सव्वा तास लागला. मी घड्याळ पिशवीत टाकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते धुळीमुळे.

९ मे, काठमांडू
दोन दिवस बस नुसती डोंगरांना वेढे घालत होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. लांब नजर ठेवली की मळमळत नाही, असं मी सगळ्यांना निघतानाच सांगितलं होतं. त्यामुळे कुणालाही त्रास झाला नाही. उलट्या फक्त मला. चार. जबाबदारीचा ताण.

१० मे, काठमांडू
जुना राजवाडा पाहिला. लाकडी खिडक्या अशा कोरलेल्या की आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं दिसू नये. आत्याने विचारलं, "राण्या हितनं बघत आसतील व्हय गं?" पुस्तकात नव्हतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही.
एक अडचण आहे. इथे एकाच चौकात बुद्ध आणि देव शेजारी शेजारी. एकच बाई एकाच ताटातून दोघांना कुंकू लावून पुढे जाते. कोण आपले, कोण नाहीत, कळायला मार्ग नाही. दिवसभर हात पाठीमागे बांधून चालले. मामा म्हणाले, "सरका, सरका, इन्स्पेक्टरीणबाई आल्या." दोन माणसं खरोखर सरकली.
गाइडने एकाच देवळाचे तीन वेगवेगळे राजे सांगितले. संकल्प: उद्यापासून गाइड, दुकानदार, वाटसरू, कुणाचंही ऐकायचं नाही. निर्णय फक्त स्वतःच्या अभ्यासावर.
उद्या पाटण.

११ मे, पाटण, दुपारी १
मूर्ती घेतली. एकदाची घेतली.
मूर्ती ओतणाऱ्या ओताऱ्यांच्या गल्लीत सकाळपासून फिरलो. ठोक-ठोक आवाजाने डोकं उठलं. सात दुकानं नापसंत. कुठे चार हात, कुठे उग्र चेहरे. आठव्या दुकानात बुद्धांच्या मूर्तींची एक रांगच होती, हात जमिनीला टेकलेला, डोळे मिटलेले. मी बोट दाखवणार, तेवढ्यात दुकानदाराची म्हातारी आई ताट घेऊन आली आणि रांगेतल्या एकूण एक मूर्तीच्या कपाळाला कुंकू लावत गेली. डोक्यावर तांदूळही टाकले. म्हणजे पूजा झाली. अशी मूर्ती आपल्या विहारात कशी चालेल? उद्या कुणी विचारलं तर?
वरच्या फळीवर एकच मूर्ती स्वच्छ होती, नुकतीच पॉलिश होऊन आलेली. हातभर उंच, सोन्याचं पाणी दिलेली. चेहरा फार शांत. दुकानदार काही सांगू लागला. मी त्याला थांबवलं आणि बांधायला सांगितलं. मामांना हिंदीत काही विचारायचं होतं. त्यांनाही थांबवलं. अडीचला बस होती.
आत्या म्हणाली, "ललिते, ही बाई हाय."
मी समजावून सांगितलं. अंगावर दागिने आहेत, मुकुट आहे, कारण हे गृहत्याग करण्यापूर्वीचे राजपुत्र सिद्धार्थ आहेत. आत्या म्हणाली, "आगं, कुकू पदरानं पुसलं की जातंय. बाईचा बाप्या कसा करशील?"
सगळे हसले. दुकानदारसुद्धा, आणि त्याला तर मराठी येत नाही.
मी म्हटलं, बांधा.

११ मे, दुपारी ४, लॉजवर
शांतपणे विचार केला. निर्णय बरोबर आहे.
छाती थोडी भरीव आहे. इकडच्या कारागिरांची तशी पद्धत असणार. थंड हवेतल्या माणसांची छाती रुंद असते.
उजवा पाय आसनावरून खाली सोडलाय. घोड्यावरून उतरण्याच्या बेतात असतील.
हातात कमळ आहे. कमळ कुणाच्याही हातात असू शकतं.
पावतीवर 'आर्य तारा' असं लिहिलंय. इथली लिपी आपलीच असल्याने वाचता येतं, ही एक सोय. बहुधा दुकानाचं नाव.
(दुकानाचं नाव पावतीवर सगळ्यात वर छापलेलं आहे. ते वेगळं आहे.)

१२ मे, भादगाव
विटांची फरसबंदी, विटांची घरं, पाच छपरांचं उंच देऊळ. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दगडी पहिलवान, त्यांच्या वर हत्ती, त्यांच्या वर सिंह. मी खालूनच पाहिलं. मूर्ती लॉजवर ठेवणं बरोबर वाटेना, म्हणून गोधडीत गुंडाळून सोबत आणली होती. लहान मुलाएवढं वजन. खांदा दुखतोय.
आत्या मात्र सगळीकडे हिंडली. कुंभारांच्या चौकात बायकांमध्ये जाऊन बसली. त्यांची भाषा हिला येत नाही, हिची त्यांना नाही. तरी अर्धा तास बोलणं चाललं होतं, आणि मातीच्या भांड्यातलं घट्ट दही खाऊन आली. वर मला सांगते, "तिच्या थोरल्या सुनंचं आन् तिचं पटत न्हाई." ही माहिती तिला कशी मिळाली, देव जाणे. (खोडते: कुणास ठाऊक.)
त्यांच्यातली एक कुंभारीण माझ्याकडे आली. गोधडीची कड सरकवून तिने आत पाहिलं, हात जोडले, मग मुलाला अंगाई म्हणतात तसे हात हलवून मला काहीतरी विचारलं. आत्या लांबून ओरडली, "बग! तिला बी कळलं, बाई हाय त्ये."
खेडवळ बायका. दोघीही.
बस पावणेदोनला पाटणवरूनच काठमांडूला परत जाणार होती. मामांनी दोनदा विचारलं, "बदलून घ्यायची का? आजून टाइम हाय." बदलून घेतली म्हणजे चुकली होती असा अर्थ होतो. मी म्हटलं, टाइमटेबलमध्ये बसत नाही.

१५ मे, सुनौली नाका
कस्टमवाल्यांनी बस थांबवली. जुन्या मूर्ती चोरून नेतात म्हणून सामान उघडतात. पावती मी उलटी पुढे केली. पहाटे निघाल्यामुळे. साहेबाने गोधडी उघडली, पावती वाचली आणि विचारलं, "देवीजी को कहाँ ले जा रही हो?" मी स्पष्ट सांगितलं की हे भगवान बुद्ध आहेत. त्याने पुन्हा पावती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या साहेबाला बोलावलं. त्यानेही पावती वाचली, मग मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिक्का मारला.
शिक्का मिळाला म्हणजे कागदपत्र बरोबर आहेत. वाद संपला.
गोरखपूरपर्यंत आत्या मामांच्या शेजारी जाऊन बसली. नंतर येऊन म्हणाली, "कोंडिबाला काय सांगशील गं?"
कोंडिबा म्हणजे आबा. सांगायचंय काय त्यात?

१९ मे, दौंड जंक्शन, दुपारी १२
आबा आणि मारुतराव घ्यायला आले होते. आबांनी नवा फेटा बांधला होता. मूर्ती कुणाला धरू दिली नाही, हमाल पुढे आला त्याला हाताने बाजूला केलं आणि स्वतः खांद्यावर घेतली. "एवढी वर्सं पोती व्हायली," म्हणाले, "आज पयल्यांदा वजान लागंना."
मारुतरावांना मूर्ती पाहायची होती. आबा म्हणाले, "न्हाई. भंतेजींनीच उगडायची. माझ्या पोरीनं निवडलीया, त्यात बगायचं काय?"
आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी एसटीच्या बोर्डाकडे पाहिलं.

२१ मे, शिरूर, सकाळी ९
संकल्प: आज आबांना सांगायचं.
तसं सांगण्यासारखं काही नाही, तरी सांगायचं.

२१ मे, दुपारी ३
आबा घरी नव्हते. विहारात चौथरा पुसत होते. मी तिथे गेले, पण शेजारी मारुतराव होते.

२१ मे, संध्याकाळी ६
मारुतराव गेले. आबा एकटे होते. म्हणाले, "उद्या तू बी बोल चार शब्द. कशी निवडली, ते सांग समद्यास्नी." मी हो म्हटलं. भाषण लिहून काढलं. 'मूर्तिनिवडीतील शास्त्रीय दृष्टी.' दीड पान झालं. चांगलं झालंय. राजपुत्राचा मुद्दा दुसऱ्या परिच्छेदात.

२२ मे, बुद्धपौर्णिमा, दुपारी २
भंतेजी दहाला आले. अख्खी वस्ती जमली होती, दौंडहूनही माणसं आली होती. वंदना झाली. भंतेजींनी गोधडी उलगडली. पाहिलं.
मग मारुतरावांना जवळ बोलावून हळूच म्हणाले, पण सगळे गप्प असल्यामुळे शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं, की ही तारा आहे. नेपाळातले बौद्ध हिला देवी मानतात. सुंदर आहे, वाईट काही नाही. पण मधल्या आसनावर भगवान बुद्धच पाहिजेत.
मारुतराव माझ्याकडे वळले. सगळेच वळले. भाषणाचे कागद माझ्या हातात होते. राजपुत्राचा मुद्दा मला आठवत होता, पण मी कागद पाठीमागे लपवले.
तेव्हा आबा उठले. फेटा सारखा केला आणि म्हणाले, "तिची चूक न्हाई. म्याच तसं कागदावर लिवून दिलं व्हतं तिला, की हीच आन म्हणून."
आबा अंगठा लावतात. यार्डात, एसटीच्या पासवर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे. हे वस्तीतल्या पोराटोरांनाही माहीत आहे.
कुणी हसलं नाही. मारुतराव म्हणाले, "बरं कोंडिबा. लिवलं आसंल," आणि मधल्या आसनावर भगवान बुद्धांची जुनी फोटोफ्रेम पुन्हा ठेवली. मूर्ती महिला मंडळाने शिवणवर्गासाठी मागून घेतली. चांगुणाआत्याने ती उचलली, कमरेवर घेतली आणि माझ्यासमोरून निघून गेली.

२२ मे, संध्याकाळी ५
भाषण फाडलं.
मूर्ती बाईची आहे. पाटणला फळीवरून खाली काढली तेव्हाच मला दिसलं होतं. आत्या आधी बोलली, म्हणून दिसेनासं झालं.