ॲडव्हेंचरर कोणाला म्हणायचं

सेंट जस्ट, कॉर्नवॉल
११ फेब्रुवारी १८६६

ती. लव्हडेताईस,
जोरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. तुझ्या प्लिमथच्या मालकिणीने आपल्या थोरल्या मुलीला मागणी घालणाऱ्या लफंग्याला ‘ॲडव्हेंचरर’ म्हणून हाकललं, आणि धाकटीच्या धड्यात त्याच शब्दाचा अर्थ धाडसी वीर, हे ऐकून बाबा खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, खाणकऱ्याची पोर आणि एवढं ठाऊक नाही? खाणीत पैसा घालतो तो ॲडव्हेंचरर. तिमाही बैठकीला येतो, भाजलेलं बीफ खातो, बुटाला चिखल न लावता परत जातो. तुझे मालक ट्रेव्हनन साहेब त्यातलेच की. मी विचारलं, मग खाली उतरणारे आपण कोण? म्हणाले, आपण नुसते ओले.

एक काळजी आहे. खाणीची खालची वाट आता समुद्राच्या तळाखाली बरीच पुढे गेलीय. वादळात डोक्यावर धोंडे गडगडताना ऐकू येतात. परवा बाबांनी छतातून ठिबकणारं पाणी चाखलं, खारट लागलं. खाणीच्या कॅप्टनने, म्हणजे आमच्या मुकादमाने, ते बैठकीत सांगितलं. कथील चांगलं लागतंय, अजून एक तिमाही खणा, असं ठरलं.

आईने केशराचा पाव पाठवलाय. मालकिणीला वाटून बसू नकोस, भोळे.

तुझ्या मायेतला,
जोरी

प्लिमथ
१८ फेब्रुवारी

चि. जोरीस अनेक आशीर्वाद.

पाव एकटीने खाल्ला. नाश्त्याच्या वेळी हिंमत करून साहेबांना पाण्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, लव्हडे, त्या खाणीत माझंही बरंच गुंतलंय. धोका काय एकट्या तुझ्या वडिलांनाच आहे? मग त्यांनी लोणी मागितलं आणि मी दिलं.

बाबांना सांग, खाली जाऊ नका. माझ्या पगारात भागवू. ऐकणार नाहीत, तरी सांग. तू तरी वरच्या वाटेवर काम माग.

काळजीत असलेली,
ताई

सेंट जस्ट
२ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं म्हणणं बाबांना सांगितलं. मंगळवारपर्यंत बघतो म्हणाले. सोमवारी समुद्र आत आला.

तुझं ऐकून मी वरच्या वाटेवर होतो. आधी खालून वारा आला, मेणबत्त्या विझल्या, मग आवाज. शिडीवरून दोघे वर आले. खालून ढकलणारे हात बाबांचे होते, असं ते सांगतात. मी छातीभर पाण्यापर्यंत उतरलो. पुढे शिडीच नव्हती.

पाणी उपसणं परवडत नाही म्हणून बैठकीने खाण बंद केली. तुझे साहेब घरी आले, टोपी काढून म्हणाले, बाई, आम्हीही बुडालो. आईने त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, माझा माणूस नेमका कुठे आहे, तेवढं सांगा. त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी मीच तिला कड्यावर नेऊन दाखवलं, त्या पुढच्या खडकांच्या खाली. आता ओहोटी लागली की ती त्या खडकांपर्यंत चालत जाते. भरतीचं पाणी घोट्याला लागलं तरी हलत नाही. परत चल म्हटलं की माझ्यावरच ओरडते.

मी मेक्सिकोच्या चांदीच्या खाणीसाठी नाव दिलंय. दुसरं काही येत नाही मला.

जोरी

प्लिमथ
६ मार्च

चि. जोरीस आशीर्वाद.

नोकरी सोडली. निघताना धाकटीने विचारलं, धड्यातल्यासारखा ॲडव्हेंचरर तू कधी पाहिलास का? मी म्हटलं, पाहिला, पण त्याला कोणी त्या नावाने हाक मारली नाही.

मेक्सिकोचं तू ठरव, मी अडवणार नाही. पण मी पोचेपर्यंत निघू नकोस. आईला परत ओढू नकोस. तिचा हात धरून तिथेच उभा राहा. मी येते, दुसऱ्या बाजूला उभी राहीन.

तुम्हा दोघांची,
लव्हडे