माहेरचं नाव

सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि स्वारी खूश! राहायला ताईचं घर, डब्यात ताईच्या हातचं जेवण, चिडवायला भाची. ग्रंथालयात खुर्चीही खिडकीजवळची मिळाली. काम माझ्या आवडीचं: लेखकांच्या नावनोंदी संगणकावर न्यायच्या आणि त्यांचा साचा मी ठरवायचा. एका माणसाची एक नोंद. तिच्यात मुख्य नाव, जन्मसाल, शिवाय टोपणनाव, लग्नाआधीचं नाव, सगळं. कुठल्याही नावाने शोधा, माणूस तोच सापडतो. ताईचीही नोंद आहे! लग्नाआधी बालगीतांचं पुस्तक, नंतर भूमितीचं. बघून ऊर भरून आला.

बुधवार
जुन्या नोंदी म्हणजे नुसता गुंता. मी ‘इतर नावे’ हा रकानाच काढून टाकला. जितकी नावं, तितक्या स्वतंत्र नोंदी. साचा कसा सुटसुटीत झाला! ग्रंथपाल बाई म्हणाल्या, एका माणसाची नावं अशी तोडू नकोस, चांगलं नसतं. बाईंचं आपलं काहीतरीच. निवृत्तीला आल्यात, संगणकाची धास्ती असायचीच. उद्यापासून वर्णक्रमाने रोज थोड्या अक्षरांच्या नोंदी नव्या साच्यात जातील.

शुक्रवार
एका कथालेखिकेला काल तिच्याच स्वयंपाकघरात कुणीतरी सुरीने भोसकलं. गळा, पोट, अडवायला पुढे केलेले तळहात. नवरा सांगतोय, मारणारी तीच होती, लग्नाआधीच्या फोटोत दिसते तशी. लोक म्हणतात, बिचारा भ्रमिष्ट झाला.
तिची नोंद काल मीच तोडली होती. दिवसभर कशातच मन लागलं नाही.

शनिवार
टोपणनावाने कविता करणारा एक डॉक्टर. दवाखान्यात दोन प्रेतं. एकाच्या हातात हातोडी, दुसऱ्याच्या मुठीत उपटलेले केस. दोघांच्या कवट्या फुटलेल्या आणि चेहरा एकच.
बाईंनी पेपर माझ्यापुढे ठेवला. नावं परत जोडायला बसलो, तर जोडायला रकानाच नाही. मीच काढलाय. आता दोनातली एक नोंद पुसायची, एवढंच हातात उरलंय.
मग आठवलं. ताईच्या नावाचं अक्षर आज सकाळीच नव्या साच्यात गेलं –

दुपार
भावोजी गेले. दारातच पडलेत. डोकं ठेचलंय, शेजारी इस्त्री, तिला केस चिकटलेले. पलीकडे ताई उभी होती. जाड वेणीची, विशीतली. मला ओळखून हसली. म्हणाली, बघ ना, घरात कोण परका माणूस शिरला होता.
मागून माझी चष्मेवाली ताई किंचाळत आली, हातात कात्री. मी भाचीला उचललं आणि बाथरूममध्ये शिरून कडी लावली.

लिहितोय, नाहीतर वेड लागेल. बाहेर दोघी एकमेकींना ओरबाडतायत. दाराखालून रक्त आत येतंय. दोघी मलाच हाका मारतायत, एकाच आवाजात –
बाई फोनवर आहेत. विचारतायत, कुठलं नाव पुसू? माहेरचं, एवढंच म्हणायचंय. जीभ रेटत नाही. आई गेल्यावर त्या वेणीवालीनेच मला कडेवर वाढवलं –
भाची माझ्या शर्टात तोंड खुपसून रडतेय. सांगतो. आता सांगतोच –

दाणकन् काहीतरी आपटलं. फोन निसटून बादलीत पडला.
आता एकच हाक येतेय.
कोण – कुठली –
कडी हलतेय. लाडात विचारतेय, आत कुणाची पोर रडतेय रे, तुला त्रास देतेय का? थांब हं, मी तिला –