सोमीआजीची कोंबडी आणि कांतीशेठचा भोंगा

मी, दक्षा देवजी वरठा, वय २३, शिक्षण बी.ए., राहणार डोंगरीपाडा, गंजाड, ता. डहाणू, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र लिहिते. लिही म्हणून कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नको म्हणून मात्र आहे. आई मागून ओरडते, "मरायचं नंतर बघ, आधी भांडी घास!"

कारण असे. मी कांतीशेठ या जमिनीच्या दलालाकडे नोकरी करते. त्याच्या जीपमधून भोंग्यावर बोलते. "तू बोल बेन, तुझं लोकं ऐकते," असे तो म्हणायचा, आणि लोकांनी ऐकले. डोंगरावर रस्ता येणार, संमती द्या, हे मी पाड्यापाड्यांत आपल्या बोलीत सांगितले. गेल्या आठवड्यात नकाशा पाहिला. रस्ता नव्या दगडखदानीपर्यंतच आहे आणि ती खदान आमच्या झऱ्यावर. उद्या ग्रामसभेत संमतीचा ठराव आहे. तिथे मी खरे सांगणार. हे कळल्यावर शेठ म्हणाला, "बोलली तर घरी नाय पोचणार." म्हणून माझ्या मागे अशी व्यवस्था असावी:

१. पदवीची फ्रेम आईला, पुतळी देवजी वरठा हिला. चुलीपासून लांब लावावी.

२. स्कूटी धाकटी बहीण चिमी हिला, बारावी पास झाल्यावरच. स्टार्टर गेला आहे, किक मारावी.

३. शेठने दिवाळीला दिलेला पंखा शेठला परत. त्याच्या वाऱ्याने मला झोप येत नाही.

४. शेजारच्या सोमीआजीची कोंबडी. "आपली पोरगी सांगते, मग खरंच असेल," म्हणत आजीने सगळ्यांच्या आधी होकार दिला, वर मला ही कोंबडी दिली. ती मला कापवली नाही. नोकरी का करते, याची कारणे मी सगळ्यांना देत आले. ही मात्र मान वाकडी करून एका डोळ्याने बघतच राहते. आता तिला नऊ पिल्ले आहेत. सगळी आजीची. या कलमासाठी मी मरायची वाट पाहू नये. टोपली उद्या सभेला माझ्याबरोबर येईल.

आईला वाटा असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. ती रुसली आहे. म्हणून पहिली साक्षीदार बालवाडीताई शितल, दुसरा शेठच्या जीपचा ड्रायव्हर जीवन. त्याने सही केली. मग म्हणाला, "टोपली घेऊन चालत कुठे जातेस, दक्षाताई? जीप आणतो. भोंगा वर बांधलेलाच आहे."

ठिकाण: गंजाड
दिनांक: ३० एप्रिल २०१७

सही: दक्षा देवजी वरठा

साक्षीदार:
शितल काकड्या धोडी, बालवाडीताई
जीवन लक्ष्या कोम, ड्रायव्हर (उद्या सभा संपेपर्यंत)