खंडेनवमीचा कागद

लातूर, १९ ऑक्टोबर २०२४

ती. काकांस,
मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

टपाल खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी तुम्ही फोन उचलत नाही आणि पत्राची वाट बघता. म्हणून प्रदूषण मंडळाच्या प्रयोगशाळेत डबा खाता खाता लिहायला बसले. अव्वाला जिना चढताना चारदा टेकावं लागतं हे तुमच्या मागच्या पत्रात वाचलं, तेव्हापासून घास गोड लागत नाही. आई गेल्यावर काकू असून अव्वा झाली माझी ती. वाफारा खरंच घेते, की नुसतंच हो म्हणते?

तुमच्या गच्चीवर हवा तपासायचं यंत्र आहे, त्याचे कागद इथे मीच तोलते. यंत्र हवा ओढतं, धूळ कागदावर बसते, आणि कागदाचं वजन वाढेल तेवढी हवेत धूळ. गावात आमचा माणूस आला की त्या टायर वितळवणाऱ्या कारखान्याला आधीच खबर लागते आणि भट्टी मंद होते. त्यामुळे आजवरचे सगळे आकडे मर्यादेच्या काठावरच राहिले. फक्त खंडेनवमीचा कागद दुपटीवर गेला. साहेब म्हणाले, एवढ्या एका आकड्यावर सुनावणीत भट्टी बंद पाडता येईल. मी पेढे वाटायचीच बाकी होते.

पण कागद भिंगाखाली धरला तर काजळीवर पांढरी राख दिसली. टायरची राख अशी नसते. त्या दिवशी गच्चीवर काही जाळलं होतं का? असेल ते खरं कळवा. अव्वाला शरणार्थ. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
मंजुश्री


मुखेड, २५ ऑक्टोबर २०२४

चि. मंजुश्रीस,
वीरण्णाकाकाचे अ. उ. आ.

जाळलं काहीच नाही. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात हे तुला सांगायला नको. विळी झाली, कुऱ्हाड झाली, माझी टपालाची सायकलही झाली. मग तुझी अव्वा म्हणाली, पोरीचं यंत्र तेवढं बिनपुजेचं कसं ठेवायचं? पायरीपायरीवर बसत वर गेली. यंत्र चालू होतं. त्याच्या तोंडाशी विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि उरलेली चिमूट आत सोडली. म्हणाली, “हे बी माझ्यावानी धूर खाऊन राहिलंय, त्याला बी अंगारा नगं का?” तेव्हा मी लई हसलो होतो.

आता माझं ऐक. विभूतीने आकडा फुगला ही गोष्ट तुला आणि मलाच ठाऊक. तो आकडा तसाच जाऊ दे. आकडा खोटा असेल, पण धूर तर खरा आहे ना? डॉक्टर म्हणतात, या हवेत हिला थंडी निभणार नाही. लातूरला नेतो म्हटलं तर दारातून हलत नाही. हयातभर लोकांची पत्रं न उघडता पोचती केली, कुणाकडे काही मागितलं नाही. आज तुझ्याकडे मागतो.

तुझा,
काका


लातूर, १४ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस शि. सा. न.

तुमचं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. चौथ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. कागद बाद झाला. परवाच्या सुनावणीत बाकीचे आकडे मर्यादेत ठरले, भट्टी चालूच राहणार. नवी तपासणी आता उन्हाळ्यात.

ती राख कारखान्याच्या वकिलाने शोधलीच असती, असं म्हणून मला सुटता येईल. पण काका, ती कुणीच पाहिली नसती. त्या आकड्यापुढे सही करायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. अव्वाला कसंही करून इकडे आणा, मी रजा काढते. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण दोन ओळी टाका.

तुमची,
मंजू


मुखेड, २८ जानेवारी २०२५

मंजुश्री,

तू अव्वाच्या मातीला आलीस, रडलीस, आणि मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. चार माणसांत बोलता येण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज लिहितो.

विभूतीमुळे कागद बाद झाला हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. जायच्या दोन दिवस आधी तिने विचारलं, पोरीच्या कागदाचं काय झालं? मी म्हणालो, साहेबांकडे आहे. दम लागत होता तरी म्हणाली, “आपली मंजू खोटं लिवणार न्हाई. सुटंल समदं.” मी वाफाऱ्याचं पाणी ठेवायला आत गेलो.

तू केलंस ते बरोबर, हे मला कळतं. तरी मला राग आहे, आणि तो कारखान्यापेक्षा तुझ्यावर जास्त आहे. कारखान्याला काही आम्ही वाढवलं नव्हतं.

काल तुमचा माणूस आला होता, यंत्र गच्चीवरच राहू द्याल का विचारत होता. राहू दे म्हणालो. धूर अजून तसाच आहे आणि गल्लीत दुसऱ्यांच्या घरीही बाया खोकतात.

या पत्रात आशीर्वाद घातलेला नाही. घालायला बसलो होतो, जमलं नाही. जमेल तेव्हा वेगळा पाठवीन. तोवर तू पत्रं टाकणं थांबवू नकोस.

वीरण्णा