क्लोनिसचा डावा खांब

प्रिय अँब्रोज,

काल फेलिम येऊन गेला. रविवारची अल्स्टरची गेलिक फुटबॉलची फायनल त्याच्या शिट्टीवर होणार, हे आता पक्कं झालंय. कॅव्हन आणि आर्मा, क्लोनिसच्या मैदानावर. चहा घेता घेता म्हणाला, "मंडळी नेहमीचीच. एका टोकाला माझे दोघे मेव्हणे, दुसऱ्या टोकाला तू आणि अँब्रोज. गाडी अँब्रोजची. पांढरे डगले धुऊन ठेवा म्हणजे झालं." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझी नुआला माझ्याकडे बघतच राहिली. फायनलचं बोलावणं आल्यावर गप्प बसलेला अंपायर तिने कधी पाहिलेला नाही. पण तुझ्या शेजारच्या खांबाशी उभं राहायचं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. ते तुझ्यावर आहे. म्हणून आज मनात साठलेलं सगळं ओततो. रागावलास तर रागाव.

आपल्या फर्मॅनाच्या माणसाला या स्पर्धेत दुसरं काम तरी काय असतं? अल्स्टरचे नऊ परगणे, त्यातल्या आठांनी कधी ना कधी तो चषक घरी नेला, आणि आपण एकदाही नाही. माझे वडील कॅव्हनकडून एका गुणाने हरलेल्या जुन्या फायनलची गोष्ट सांगायचे आणि सांगताना दर वेळी पाव कापायची सुरी टेबलावर आपटायचे. "फायनलला फर्मॅनाचं कोण जातं, तर शिट्टी आणि निशाणं," हे तुझंच वाक्य. तेवढा एक मान आपल्याकडे उरला होता: आपली माणसं कुणाची नाहीत, म्हणून आपल्या हातातलं निशाण खरं. आठवतं, फेलिमने पहिल्यांदा आपल्याला गोलच्या खांबांशी उभं केलं तेव्हा काय शिकवलं होतं? चेंडू दांडीवरून गेला तर पांढरं, एक गुण. खालून जाळ्यात गेला तर हिरवं, गोल. खांबाबाहेरून गेला तर निशाण नाही. ज्याच्या खांबाजवळून चेंडू गेला त्याने ठरवायचं, आणि दुसऱ्या खांबाच्या माणसाने त्याला भर मैदानात खोटं पाडायचं नाही. जे भांडायचं ते घरी जाताना गाडीत.

गेल्या वर्षी मी तो नियम पाळला आणि तेव्हापासून माझी झोप गेली. कॅव्हन आणि डेरी, पहिलीच फेरी, हरला तो वर्षभरासाठी घरी. शेवटची घटका, गुण बरोबरीत. कॅव्हनच्या पोराने चेंडू मारला तो तुझ्या खांबाच्या बाहेरून गेला. थोडाथोडका नाही, हातभर बाहेरून. मी उजव्या खांबाशी होतो, पण मला तो जाताना आकाशात स्वच्छ दिसला. आणि तू वाकलास, पांढरं निशाण उचललंस आणि हलवलंस. डेरीचा गोलरक्षक तुझ्या अंगावर धावून आला. "काय रे, आंधळा आहेस का विकलेला आहेस?" असं तो तोंडावर म्हणाला, आणि तू मान खाली घालून खिशात रुमाल शोधत राहिलास. मी माझ्या खांबाशीच उभा राहिलो. परत येताना गाडीतही कुणी विषय काढला नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

आता माझ्या जागी तू असतास तर काय समजला असतास? चेंडू मारणारा पोरगा तुझ्या कन्सेप्टाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. कन्सेप्टा माहेरची कॅव्हनची. तुमच्या लग्नाच्या जेवणात तिच्या वडिलांनी, कॅव्हनने थेट न्यूयॉर्कला जाऊन केरी परगण्याच्या संघाला कसं हरवलं, ते इतका वेळ सांगितलं की सूप गार झालं. आणि नाताळात तिच्या बहिणीकडून तुमच्याकडे टर्की आली, चांगली गलेलठ्ठ. कॅव्हनचा माणूस फुकट टर्की पाठवतो, अँब्रोज! जी माणसं चहाची पिशवी वाळवून पुन्हा वापरतात अशी त्यांची ख्याती, ती टर्की पाठवतात, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी नुआलाला म्हणालो. ती म्हणाली, "तुम्हाला देवदूत दिसला तरी तुम्ही त्याचे पंख खरे आहेत का ते ओढून बघाल." बघीन. का बघू नये?

मग मी तुझ्यावर नजर ठेवायला लागलो. लपवत नाही. एनिस्किलनच्या बाजारात तू समोरून आलास आणि माझ्या अगदी जवळून निघून गेलास, ना हाक ना नमस्कार. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. हॉलमधला पत्त्यांचा डाव तू सोडलास. पाठ दुखते म्हणालास. पाठ दुखणारा माणूस त्याच आठवड्यात गवताचे भारे उचलताना मला कुंपणापलीकडे दिसला. रविवारी चर्चमध्ये इतकी वर्षं बायबलमधला पाठ वाचणारा तू, घसा बसला म्हणून ते काम शाळेच्या बाईंना देऊन टाकलंस, आणि बाहेर येऊन फाटकाशी खणखणीत आवाजात हसत होतास. मला वाटलं, लोकांसमोर उभं राहायची लाज वाटते आहे. मी विचारलं की तू हसून विषय बदलायचास, ताकास तूर लागू द्यायचा नाहीस. आणि जितका तू हसायचास तितका माझा संशय वाढायचा.

वसंतात आपण पाचही जण त्या साखळी सामन्याला निघालो होतो, ते तर मी विसरणारच नाही. सरहद्दीच्या चौकीवर ब्रिटिश सैनिकाने हात वर केला आणि तू गाडी तशीच पुढे घेतलीस. त्याने बंदूक खांद्याला लावली, फेलिम ओरडला, तेव्हा कुठे ब्रेक लागला. तू म्हणालास, "इंग्रजाच्या पोराला जरा घाबरवलं." मेव्हणे हसले. मी नाही हसलो. तुला मी शाळेपासून ओळखतो. तू बैलापुढून जाताना टोपी काढणारा माणूस, बंदुकीशी खेळणारा नव्हेस. पण तेव्हाही मला वाटलं ते एवढंच, की खोटेपणाने माणूस असा बेफिकीर होतो. संशयाला एकदा रस्ता सापडला की तो दुसऱ्या रस्त्याने जातच नाही.

आणि मग मागच्या महिन्यातला तो गावचा सामना. साधा क्लबचा, बघायला मोजकी माणसं आणि कुत्री. चेंडू दांडीवरून नीट मधोमध गेला, आणि तू हिरवं निशाण उचललंस. सगळे हसले, तूही हसलास, म्हणालास की कन्सेप्टाने सकाळी चहात काहीतरी घातलं असावं. पण मी त्याच्या आधीचं बघितलं होतं. चेंडू वर गेला तेव्हा तू वर पाहिलं नाहीस. तू डोकं थोडं कलतं केलंस आणि थांबलास. त्यानंतर सामना संपेपर्यंत मी चेंडू सोडून तुलाच बघत होतो. दर वेळी तेच. चेंडू गेला की तू आधी लोकांचं ओरडणं ऐकतोस, मग माझ्याकडे तोंड करतोस, मी पुढे झालो की माघारी फिरलो ते बघतोस, आणि मग निशाण. गावच्या सामन्यात ओरडणारे नव्हते, म्हणून फसलास. घरी आल्यावर मी त्या कॅव्हन-डेरीच्या सामन्याचा विचार केला. आपल्या खांबांमागे सगळे कॅव्हनचे लोक उभे होते. चेंडू सुटला आणि ते सगळे एकदम गरजले. त्यांना गुण हवा होता, म्हणून ते गरजले, आणि मी जागच्या जागी थिजून उभा होतो. मग तुला दुसरं काय कळणार होतं? हा विचार आल्यावर मी गोठ्यात जाऊन बसलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही, कारण वर्षभर मनात तुला चोर म्हणत होतो आणि आता तोच शब्द मला हवाहवासा वाटायला लागला होता.

शेजारी राहून टपालाने पत्र का, असं तुला वाटेल. समोर येऊन बोललो असतो तर तू सगळं ऐकून घेतलं असतंस, हसला असतास, आणि मला काहीच कळलं नसतं. कागद मात्र वाचावा लागतो. मी हे मुद्दाम बारीक अक्षरात, पेन्सिलीने लिहिलंय. कन्सेप्टा, हे तू त्याला वाचून दाखवत असशील, तर आता त्याच्याकडे बघू नकोस, पुढचं वाच. गाडीची किल्ली आजच तुझ्याकडे घे. फेलिमला त्याच्या गुडघ्याचं कारण सांग, मी साक्ष देईन. माझ्या जागीही तो दुसरा माणूस बघू दे. रविवारी मी तुम्हा दोघांना माझ्या गाडीतून नेईन, आपण तिघं मोठ्या स्टँडमध्ये बसू, आणि सोमवारी बेलफास्टला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. इतके दिवस तू त्याला एकटीने सांभाळलंस ते पुष्कळ झालं. आणि अँब्रोज, हे तू स्वतः वाचत असशील, दिव्याजवळ न जाता, कुणालाही हाक न मारता, तर तू पक्का कॅव्हनचा विकलेला चोर आहेस, आणि हे मी साऱ्या परगण्याला सांगत फिरेन. तू चोरच निघावास म्हणून आज सकाळी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलो आहे.

तुझाच, उजव्या खांबाचा,
युजीन